शबानाताईची सोबत

प्रॅक्टिकल संपवून बाहेर आले, फोन चालू केला तोच शबानाताईच्या भावाचा फोन आला, "आपा गेली." सकाळी ती वसतिगृहाच्या खोलीत कोसळली होती. डेंगी. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला... महिना उलटला, पण मी अजून त्याच दुपारी अडकून पडले आहे.

शबानाताई आमच्याच भागातल्या गोरेगावच्या शिंप्याची लेक. मी साखरा गावची, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. विद्यापीठात पोचलेली आमच्या घराण्यातली पहिलीच. पंधरा दिवसांत वर्गातल्या इंग्रजीनं मला पार हरवलं आणि मी बॅग भरून वसतिगृहाच्या पायरीवर येऊन बसले. दोन वर्षं पुढे असलेली ती शेजारी टेकली. "काहून निघालीस?" मी म्हणाले, "मला जमून न्हाई राहिलं." ती हसली. "मला तरी कुठं जमत व्हतं? सहा महिने नुसती मान हलवली मी." तिनं मला वर्गाच्या सरांच्या खोलीपाशी नेलं, पण आत आली नाही. "तूच बोल. मी हितंच हाय." बाहेर आले तेव्हा ती खरंच तिथंच उभी होती. पुढे आमच्या भागातून येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला तिनं असंच उभं केलं. अर्ज, मेस, परीक्षा, रडणं... सगळ्याला ती बराबर हजर. स्वतःसाठी तिनं कधी कुणाला हाक मारली नाही.

एकदाच मारली. "ताप उतरून न्हाई राहिला. दवाखान्यात येतीस का सोबत?" मी म्हणाले, "उद्या प्रॅक्टिकल आहे गं, झालं की जाऊ." ती म्हणाली, "बरं. नीट कर." तेच शेवटचं बोलणं.

परवा गोरेगावला तिच्या घरी गेले. अम्मीनं माझा हात धरला. "तुला तर तकलीफ सांगितली आसंल ना तिनं?" मी नुसती मान हलवली. होय की नाही, ते अम्मीला कळलं नसावं. खरं सांगायचं माझं धाडस झालं नाही. तेवढ्यात अम्मीच्या उशाशी ठेवलेला शबानाताईचा फोन वाजला. अम्मीनं तो माझ्या हातात दिला. "तूच घे माय. रोज कुणी ना कुणी पोरगी इचारती. माझ्याच्यानं बोलवत न्हाई."

"शबानाताई का? मी डोंगरकडा गावची. यंदा नवीन हाय, इथं कुणालाच वळखत न्हाई. तुमी भेटसाल का?"

अम्मी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ताई, हायसा ना?" पलीकडून ती पोरगी विचारत राहिली.