खाडी काय देते?

माझे व्याही कुठे स्वस्थ बसलेले दिसले, असं कुणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही. आयुष्यभर शहरांचे नकाशे काढून निवृत्त झालेला हा माणूस दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून ‘हे काय देतं?’ असं विचारतो. लग्नाची बोलणी करायला उलव्यात आमच्याकडे आले, तेव्हा मुलीच्या बापाने गुमान पोहे खावेत की नाही? बशी हातात घेऊन घरभर फिरले आणि खिडकीपाशी थबकले. अजून काही ठरलेलं नसताना म्हणतात, “विहीणबाई, ही खाडी तुम्हाला काय देते?” “डास,” मी ठसक्यात सांगितलं. तेव्हा मी पन्नाशीतली कोवळी बाई होते; चिखल बुजवून बाग व्हावी आणि मधोमध रंगीत कारंजं उडावं, एवढीच माझी सौंदर्यदृष्टी. व्याह्यांनी असं पाहिलं, की मला वाटलं, मोडलं लग्न!

गेल्या वर्षी आमच्या मागच्या कांदळवनातून रस्ता न्यायचा आराखडा निघाला, लोकांच्या हरकती मागवल्या गेल्या आणि व्याह्यांची झोप उडाली. त्यांनी आमच्या पार्किंगमध्ये रांगोळीने अख्खी खाडी काढली, तिच्यातून गुलालाने तो रस्ता ओढला, पलीकडच्या कोळीवाड्यातल्या बायकांना बोलावलं आणि आम्हा फ्लॅटवाल्यांनाही खाली उतरवलं. “जिथून काही मिळतं, तिथे चिंचोका ठेवा!” खेकडे धरणाऱ्या एका कोळणीने मूठच ओतली. “आमाला चिंबोऱ्या हितंच गावतान. रस्ता काय त्यांच्या डोक्यावर घालताव?” तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, “भरतीचं पाणी इथे पसरतं, म्हणून माझं घर कोरडं.” मी संध्याकाळच्या वाऱ्यासाठी एक ठेवला, कारंज्याला मनातल्या मनात रजा देऊन. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी हॉर्न वाजवत आले. “काका, टेन्शन नको, पण गाडी काढायचीय.” “गाडी थांबेल हो, भरती थांबेल का?” व्याही कडाडले. चिंचोक्यांचा ढीग नेमका गुलालावर उभा होता. त्याचाच फोटो हरकतीला जोडला. निकाल लागेपर्यंत नेरूळच्या त्यांच्या घरून दर भरतीला मला फोन: “विहीणबाई, पाणी आलं का?” जसं काही मीच ते आत घेणार होते!

परवा कळलं, रस्ता वळसा घेऊन जाणार. आम्ही दोघं खाडीच्या बांधावर गेलो. “झालं ना मनासारखं?” मी विचारलं.

“पुढचा आराखडा येईपर्यंत. तेव्हा आपण नसू. आपल्या नातीला इथं आणत जा, विहीणबाई.”

“तुम्हीच आणा की!” मी म्हणाले. पण ऐकायला ते होते कुठे? बरेच पुढे गेले होते, पाठीत थोडे वाकलेले. ते कधीपासून वाकले, कुणास ठाऊक. कुणाच्या मागे धावायची मला सवय नाही. परवा मात्र साडी सावरत धावले.