तिरफळ आणि पेट स्कॅन

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत स्वतःच्या फुप्फुसांविषयी इतक्या अभिमानानं बोलणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा, मूळचे मालवणचे. उपचारांनी त्यांचा फुप्फुसाचा कॅन्सर गेला, पण दर काही महिन्यांनी छातीची तपासणी मागे लागली आणि मामा त्या विषयातले परीक्षकच झाले. जिन्यात भेटेल त्याला सांगायचे, "एक्स-रे म्हणजे आपला वॉचमन. चोर मोठा असला तरच दिसणार. सीटी म्हणजे झडती, कपाटातला खण न् खण उघडणार. पण सापडलेला डाग जुना व्रण की नवा आजार, ते तिलाही दरवेळी सांगता येत नाही. तिथं पेट स्कॅन हवा. आजारी पेशी साखरेला हपापलेल्या; गुपचूप साखर कोण खातंय, तेवढंच तो बघतो!" एकदा भाजीवालीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि वर कोथिंबिरीची जुडी दिली. तेव्हापासून मामा भाजीला जाताना रिपोर्टची फाइल सोबत नेतात.

यंदा सीटीत डाग दिसला आणि जिन्यातलं व्याख्यान बंद पडलं. पेट स्कॅन ठरला. सोबतीला मी. साखरेच्या त्या खास इंजेक्शननंतर तासभर एकट्यानं पडून राहायचं, बोलायचं नाही, असं नर्सनं बजावलं. मामांनी मोबाइल उशाखाली लपवला. त्यांना धीर द्यावा म्हणून मी बाहेरून फोन लावला, आणि सकाळपासून उपाशी असलेल्या माणसाजवळ विषय काढला तो बांगड्याच्या तिखल्याचा, त्या झणझणीत मालवणी कालवणाचा! वर मी पडलो साताऱ्याचा, म्हणालो, "मसाल्यात तिरफळ नसलं तरी चालतं की."

"तिरफळाशिवाय बांगडो?" मामा गरजले. "जावईबापू, ह्यां बोलणां साताऱ्याक शोभतां!" पुढचा पाऊण तास मी फक्त 'हं' म्हणत होतो.

रिपोर्टमध्ये मामांचा घसा दिव्यासारखा उजळलेला, म्हणजे साखर तिथंच खाल्ली गेलेली. मामांना घेऊन मी थेट डॉक्टरांची खोली गाठली. डॉक्टरांनी घसा तपासला आणि चष्म्यावरून पाहिलं. "इंजेक्शननंतर बोलत होतात?" मामांनी मुकाट्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "तरीच! घशाच्या स्नायूंनी मेहनत केली, साखर त्यांनीच खाल्ली. फुप्फुसातला डाग शांत आहे. व्रणच दिसतोय."

रिक्षात मी माफी मागितली. मामांनी रिपोर्टची फाइल मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाले, "तुमचा फोन आला नसता, तर त्या खोलीत तासभर मी नको नको ते विचार केले असते."

पुढच्या खेपेला आम्हा दोघांचेही मोबाइल काढून घेणार आहेत. तो एक तास मामा कसा काढतील, याची मला आतापासूनच काळजी लागली आहे. आणि खरं सांगायचं तर, मी कसा काढणार याचीही.