स्कूटरवरची कुंभारीण

वडिलांची बदली चंदीगडला झाली ती नेमकी पंजाबातल्या धामधुमीच्या वर्षांत. एकदा चार दिवस कर्फ्यू लागला आणि वडिलांची स्कूटर फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला अडकून पडली. तेवढ्यात एका कुंभारीण माशीनं तिच्या हॅंडलखाली मातीचं इवलंसं मडकं बांधलं. त्यात एक हिरवी अळी कोंबली आणि तोंड लिंपून टाकलं.

वडील खिडकीतून हे बघून खूश झाले. मला म्हणाले, "आता ती बाहेर गुणगुणेल, आणि ऐकता ऐकता आतल्या अळीचीच कुंभारीण होईल. संतांनी सांगितलंय."

वरच्या मजल्यावर राहणारे आमचे घरमालक सरदारजी निवृत्त प्राध्यापक होते, प्राणिशास्त्राचे. वडिलांनी त्यांनाही हे हिंदीत ऐकवलं. ते हसले. "ओ भाईसाब, वो कीड़ा तो बच्चे का खाना है जी! अंडा अलग दिया है उसने."

झालं, पैज लागली. कर्फ्यू उठला तरी स्कूटर हलवायची नाही असं ठरलं. वडील बसनं ऑफिसला जाऊ लागले.

आई वैतागली. "अहो, लोक जीव मुठीत धरून फिरतायत आणि तुम्ही माशीचं बाळंतपण काय करताय!"

तीनेक आठवड्यांत स्कूटर धुळीनं माखली. बेवारस वस्तूंची तेव्हा सगळ्यांनाच धास्ती होती. कुणीतरी पोलिसांना कळवलं. रविवारी सकाळी शिट्ट्या वाजल्या, रस्ता रिकामा झाला आणि एक हवालदार लांब काठी घेऊन हॅंडलकडे सरकू लागला.

वडील बनियनवरच धावत सुटले. "हाथ मत लगाना! अंदर है! अभी फूटनेवाला है!"

हवालदार काठी टाकून आडवा झाला. बाकीचे भिंतीमागे गेले. वडिलांना वाटलं, मडक्याला किती जपतायत ही माणसं!

प्राध्यापक पगडी सावरत खाली येईपर्यंत वडिलांना फुटपाथवर बसवून ठेवलं होतं. कागदपत्रं तपासून झाल्यावर पोलिसांच्या साहेबानं स्वतः वाकून मडकं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि स्कूटर आत घ्यायला सांगितली. चार पोलिसांनी ती उचलून आणली. "हौली हौली," म्हणजे हळूहळू, साहेब बजावत होता.

दोन दिवसांनी मडक्याला भोक पडलं. आम्ही सगळे वाकलो. बाहेर आली ती मोरपंखी रंगाची, धातूसारखी चमकणारी माशी. कुंभारणीचा तिच्यात मागमूस नव्हता.

वडील म्हणाले, "ही कोण?"

प्राध्यापकांनी भिंग लावलं. "कोयलवाली बात हो गई, भाईसाब. इसकी माँ चोरी से अपना अंडा डाल गई थी."

"और कुंभारीण का बच्चा?"

"इसने खा लिया होगा."

वडिलांचा चेहरा उतरला. आईनं दोघांपुढे चहा ठेवला. कप हातात घेऊन प्राध्यापक म्हणाले, "सारी उम्र पढ़ाया है जी, पर निकलते हुए आज पहली बार देखी."