नितीनच्या जागेवर

बातमी आली तेव्हा मी केडगावच्या कृषी सेवा केंद्रात काउंटरवर उभी होते आणि एका गिऱ्हाइकाला बुरशीनाशक किती पाण्यात मिसळायचं ते सांगत होते. आईचा फोन. "नितीन गेला गं," एवढंच म्हणाली, मग नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. सकाळच्या धुक्यात पाथर्डी रस्त्याला उसाची बंद पडलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही की काही खूण नाही... त्याची मोटारसायकल थेट जाऊन धडकली. नितीन माझा मावसभाऊ, माझ्याहून आठ महिन्यांनी धाकटा. मालकांनी पाणी दिलं. पण तो घोट घशाखाली उतरायच्या आत माझ्या मनात आलं, आता त्याची जागा रिकामी झाली. हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. इथे लिहिते आहे, कारण नितीनबद्दल खरं लिहायचं तर माझ्या जळफळाटापासूनच सुरुवात करावी लागेल.

आम्ही दोघं राहुरीला एकाच वर्गात कृषी पदवी शिकलो. मी पहिल्या पाचात, तो काठावर. कीटकशास्त्राच्या परीक्षेला किडे पकडून, टाचणीला लावून पेटी करून द्यावी लागते. मी जाळी घेऊन महिनाभर लसूणघासाच्या वाफ्यांतून हिंडले. याची पेटी आदल्या दिवसापर्यंत रिकामी, तेव्हा माझ्याकडचे जास्तीचे किडे मीच त्याला दिले. परीक्षकांनी एका किड्याची ओळख विचारली, तर हा म्हणतो, "सर, ह्याची आणि माझी ओळख न्हाई, ह्याला ताईनं पकडलाय." परीक्षक हसले, सगळा वर्ग हसला, आणि पास झाला की पठ्ठ्या! मी प्रत्येक किड्याचं शास्त्रीय नाव घडाघडा सांगितलं होतं. मार्क मला जास्त पडले, पण पुढे वर्षभर सांगितली गेली ती गोष्ट त्याची.

पदवी हातात आली आणि खरे दिवस सुरू झाले. कृषी पदवीधर आमच्या भागात पैशाला पासरी. दीड वर्ष मी अर्ज करत होते, आणि प्रत्येक मुलाखतीत पिकांपेक्षा माझ्या लग्नाची चौकशी जास्त. शेवटी एका शेतीऔषधांच्या कंपनीनं आम्हा दोघांना एकाच दिवशी नगरला बोलावलं. जागा एकच, खेड्यापाड्यांत फिरून शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा आणि माल खपवायचा. कांद्याच्या करपा रोगावर मला चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं बरोबर आली. मग साहेब म्हणाले, "मॅडम, फिरतीचं काम आहे. घरचे सोडतील का? आणि उद्या लग्न झालं म्हणजे?" नितीनला विचारलं, गाडी चालवता येते का. जागा त्याला मिळाली.

संध्याकाळी पेढे घेऊन तो आधी आमच्याच घरी आला. माझ्या आईच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "तायडे, खरं तर ही तुझीच नोकरी हाय." त्यानं फुशारकी मारली असती तर बरं झालं असतं, निदान राग धरायला कारण तरी मिळालं असतं. पेढा मी तोंडात घातला खरा, पण तो कडूजहर लागला. पुढे मी केडगावच्या दुकानात काउंटरला लागले आणि तो कंपनीची बॅग पाठीला लावून हिंडायला लागला. दुकानात येणारे शेतकरीसुद्धा मला विचारायचे, "नितीनसाहेब तुमचेच भाऊ का?" मी मान हलवायची आणि त्यांच्या पुढ्यात औषधाची बाटली जरा जोरातच आपटायची.

कुठे जागा निघाली की तो जाहिरात मला मोबाईलवर पाठवायचा. खाली लिहायचा, "तायडे, भर." मी एकदाही अर्ज भरला नाही. त्याच्या मेहरबानीवर नोकरी लागण्यापेक्षा काउंटर बरा, असा माझा तोरा. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तसलाच प्रकार. त्यातल्या दोन जागा तर अगदी माझ्याजोग्या होत्या... हे मला तेव्हाही कळत होतं.

दशक्रियेला लोक किती यावेत! कांद्याच्या लागणीचे दिवस, रोजंदारीला बाया मिळत नाहीत, आणि तरी पाथर्डीकडच्या गावागावांतून शेतकरी आले होते. गुडघे धरून मातीत बसलेली म्हातारी माणसं उपरण्यानं डोळे पुसत होती. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, पण मनात हेव्याची गाठ तशीच होती. मी मेले तर दुकानाचं शटर फार तर अर्धा दिवस खाली राहील, असा विचार मी तिथे बसून केला. मेलेल्या भावाचा हेवा करणारी बहीण मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आणि तेराव्याच्या आत मी कंपनीला फोन लावला. साहेबांना माणूस तातडीनं हवा होता, हंगाम तोंडावर आलेला. या वेळी लग्नाचं कुणी विचारलं नाही. हे मावशीला, म्हणजे नितीनच्या आईला, कसं सांगावं ते मला सुचेना. आईनंच सांगून टाकलं. मावशी म्हणाली, "घे बाई. परक्यानं घेन्यापरीस तू घे. तुला पयल्यापास्नं पाहिजेच हुती." तिला सगळं ठाऊक होतं... मी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

रुजू झाल्यावर साहेबांनी नितीनचंच सिमकार्ड माझ्या हातात दिलं. आमच्या कंपनीत नंबर माणसाचा नसतो, भागाचा असतो. वर ते म्हणाले, "तुमच्या भावासारखं करू नका हं. लोकांत नाव चांगलं, पण माल खपेना. औषधाची गरज नाही म्हणून सांगत सुटायचा. मार्चनंतर त्याला ठेवायचा की नाही, यावर आमचं बोलणं चाललं होतं." मी थक्क झाले. ज्याच्या नोकरीवर मी दोन वर्षं जळले, त्याचीही नोकरी अशी टांगणीला लागलेली! त्यानं कधी चकार शब्द काढला नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

मागच्या आठवड्यात कौसाबाई नावाच्या आजींच्या कांद्यात गेले. पाथर्डीच्या अलीकडे त्यांचं शेत. बांधावर कंपनीची पाटी रोवलेली, तिच्यावर आजींचं नाव, खाली 'मार्गदर्शक' म्हणून नितीनचं नाव आणि नंबर. त्याच्या नावावर चिकटवायला माझ्या नावाचं स्टिकर बॅगेत होतं. पातीचे शेंडे पिवळे पडलेले पाहून आजी काळजीत होत्या. "फवारू का गं कायतरी?" महिन्याला ठरवून दिलेला माल माझ्याकडून निम्माही खपला नव्हता. दोन बाटल्या सहज खपल्या असत्या. मी वाफ्यात बसून एक रोप उपटून पाहिलं. मुळांशी नुसता चिखल होता. "काही नको, आजी. आठ दिवस पाणी तोडा," मी म्हणाले. नोकरीला लागल्यापासून मनाला बरं वाटावं असं पहिल्यांदाच काही बोलले होते.

आजींचा चेहरा उजळला. "आता कसं नितीनवानी बोललीस!" त्या म्हणाल्या. एवढं करून शाबासकी त्यालाच! मी चिडून बॅगेतून स्टिकर काढलं आणि पाटीजवळ गेले. आजी मागोमाग आल्या. "काय करतीस?"

"नाव बदलते. आता मी येणार ना."

"नंबर त्योच हाय न्हवं?"

"तोच आहे."

"मग नाव कशाला बदलतीस, बाई? फोन तर लागतोय."

माझ्या खिशात त्याचा नंबर, पाटीवर त्याचं नाव, आणि आजी माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांच्या घरचं काही न्यायला आले आहे. त्याची जागा मिळाली म्हणजे त्याचं सगळं मिळालं, असं मी धरून चालले होते... स्टिकर मी पुन्हा बॅगेत ठेवलं. मोटारसायकलला किक मारताना मोठ्यानं म्हणाले, "नित्या, मेल्या, पाटीवरची एवढी जागा तरी सोडायची होतीस माझ्यासाठी!" आणि मग मात्र, दशक्रियेला आलं नव्हतं असं रडू आलं.