कच्च्या टाक्यांचा कोट

रशीदभाई गेल्याचा फोन आला त्या सकाळी मी त्यांच्याकडेच निघालो होतो, कोटाची ट्रायल द्यायला. आठवडाभरात त्यांचे तीन निरोप येऊन गेले होते आणि तिन्ही वेळा मी 'उद्या येतो' म्हणालो होतो... पहाटे झोपेतच हृदय बंद पडलं. ट्रायलला निघालेला मी मातीला गेलो. दीड महिना होत आला, पण त्या 'उद्या'ची बोच काही जात नाही.

सेनगावात त्यांचं शिलाईचं दुकान आमच्या शाळेसमोर. तीस वर्षं माझे कपडे त्यांनीच शिवले. ट्रायलशिवाय पक्की शिलाई करायची नाही, हा त्यांचा हट्ट. आधी पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालायचे, मग गिऱ्हाइकाच्या अंगात कपडा चढवून हात हलवायला लावायचे. मी मास्तर, म्हणून मला ठरलेलं वाक्य, "गुरुजी, फळ्यावर लिहून दाखवा." मग मी भर दुकानात हवेत अक्षरं गिरवायचो आणि येणारे-जाणारे हसायचे. मी मुळातच उतावळा. माप घेतलंय ना, शिवून टाका एकदाचं, म्हणून कुरकुरायचो. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि करायचं तेच करायचे.

सहा वर्षांपूर्वी त्यांची हाडं ठणकू लागली. मुतखडे झाले, पुन्हा झाले. शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठरेना. वाताची औषधं घेण्यात वर्ष गेलं आणि मग कुठे रक्तात कॅल्शियम फार वाढल्याचं निघालं. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतली एक सुजून जास्तीचं हार्मोन सोडत होती आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरत होतं. ऑपरेशनसाठी ते, त्यांच्या पत्नी नूरभाभी आणि मी असे तिघं हैदराबादला गेलो. आत नेताना त्यांनी माझा हात धरला. "गुरुजी, पाय पुन्हा मशीनवर चालला पाह्यजे. दुसरं काही मागून न्हाई राहिलो."

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. सुजलेली ग्रंथी काढली होती. त्यानंतर दहा मिनिटांनी रक्त घेतलं, तर हार्मोन निम्म्याच्या खाली यायला हवं होतं, ते आलं नव्हतं. म्हणजे आणखी एखादी बिघडलेली असणार. ती शोधायची, पुन्हा रक्त तपासायचं आणि आकडा उतरला की मगच गळा शिवायचा. मी भडकलो. गाठ सापडली, काढली, मग माणसाला असं उघडं कशाला ठेवता, म्हणून डॉक्टरांवरच आवाज चढवला. ते काही बोलायच्या आत नूरभाभी म्हणाल्या, "काहून घाई करून राहिले, गुरुजी? ट्रायल चालू हाय. घेऊ द्या."

मी बाकावर जाऊन बसलो. पाऊण तासाने दुसरी ग्रंथी सापडली, आणि त्यानंतरच्या रक्तात आकडा सरसर उतरला. त्या दिवशी पहिल्याच गाठीवर गळा शिवला असता, तर रशीदभाईंचा पाय मशीनवर पुन्हा आला नसता. तो आला, आणि पुढे पाच वर्षं चालला. भाभींचं बोलणं त्यांना सांगितलं तेव्हा गळ्याची पट्टी धरून ते कितीतरी वेळ हसत होते. मलाही वाटलं, चला, एक शहाणपण शिकलो. पण माणूस रोज समोर दिसतो तोवर त्याला 'उद्या' म्हणायला जीभ कचरत नाही.

कोट माझ्या लेकीच्या लग्नासाठी होता. दुसऱ्या शिंप्याने तासाभरात पक्का करून दिला असता, पण मन होईना. लग्नात जुनाच घातला. भाभींनी दिलेला हा, पांढऱ्या टाक्यांचा, कपाटात टांगलाय. परवा खोलीचं दार लावून तो अंगात घातला, आरशासमोर उजवा हात उचलला आणि हवेतल्या फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं. खांद्यात कुठे ओढलं नाही, काखेत कुठे काचलं नाही...

बराबर बसलाय, रशीदभाई. एवढं सांगायला मला तुमचे तीन निरोप पुरले नाहीत.