धाकटीचा आकडा

माझी धाकटी जाऊ घरात आली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय, हे आधीच कबूल करते. दिसायला ती चारचौघींसारखीच. पण गाल असे लालबुंद, की सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "घरात तेज आलं." मला या घरात येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. माझ्या येण्याने काय आलं, ते त्या कधी बोलल्या नाहीत.

धाकटी शिवणकाम करते. तळमजल्यावरच्या खोलीत तिचं मशीन, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन्ही काखांत कापडाचे गठ्ठे मारून ती बोलत बोलत जिना चढायची. मी मात्र प्रत्येक मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक करायचे. किल्ली हातातच असायची, धाप मात्र आवरायची नाही.

धाप का लागते हे मला कुणी शिकवायला नको. बावीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि तपासते. रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं, आणि प्राणवायू अंगभर पोचवायची हमाली तेच करतं. बाईमाणसाला ते साधारण बारा ते सोळाच्या दरम्यान हवं. माझं नवाच्या घरातून कधी हललंच नाही. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, पोट बिघडलं की सोडायच्या, चक्कर आली की पुन्हा घ्यायच्या, असा माझा संसार.

घरच्यांचं रक्त दरवर्षी मीच तपासायचे. घरचंच काम, त्यामुळे डॉक्टरची चिठ्ठी नाही की छापील रिपोर्ट नाही. आकडे माझ्या वहीत टिपायचे आणि जेवताना तोंडी सांगायचे. दोन वर्षांपूर्वी धाकटीचा आकडा आला सतरा. मी पुन्हा तपासलं, पुन्हा सतरा. म्हटलं, घ्या, मशीनसुद्धा तिच्याच बाजूचं! हे घरी सांगितलं असतं तर सासूबाईंनी महिनाभर शेजारीपाजारी मिरवलं असतं. मी म्हणाले, "नॉर्मल आहे," आणि पुढचा घास घेतला.

गेल्या वर्षी आला साडेअठरा. जास्त हिमोग्लोबिन हेही दुखणं असू शकतं, हे मी शिकले होते. बाहेरची कुणी असती तर आकड्याखाली रेघ मारून डॉक्टरांना फोन केला असता. पण इथे माझा नुसता जळफळाट झाला. कमी ते वाईट आणि जास्त ते भाग्य, एवढंच डोक्यात. पुन्हा "नॉर्मल" म्हणाले. तिचं डोकं दुखायचं, गरम पाण्याने आंघोळ केली की अंगाला खाज सुटायची. मी तिला साबण बदलायला सांगितलं.

यंदा तपासणीची वेळ यायच्या आधीच एका सकाळी, बाही जोडता जोडता तिचा डावा हात लुळा पडला. तोंड वाकडं झालं, बोलायला गेली तर शब्द जुळेनात. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, पण दिरांनी आणि मी तिला तसंच दवाखान्यात नेलं.

हिमोग्लोबिन निघालं एकोणीस पूर्णांक आठ. डॉक्टरबाईंनी समजावलं, की हाडांतली मज्जा बहुतेक गरजेपेक्षा जास्त लाल पेशी बनवतेय, त्याने रक्त दाट होतं आणि गुठळी होऊ शकते. आज थोडक्यात निभावलं, पुढचा झटका मोठा असेल. मग त्यांनी विचारलं, हे अचानक वाढलंय की आधीपासून वाढत होतं? त्यावर पुढच्या तपासण्या ठरणार होत्या.

"वहिनी दरवर्षी बघतात की," दीर म्हणाले. "नॉर्मलच होतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. वही माझ्या टेबलाच्या खणात होती, ती कुणी मागितली नसती. मी मूग गिळून बसले असते तरी चाललं असतं. पण पलंगावर ती स्वतःचा डावा हात उजव्या हाताने चाचपत होती.

"नॉर्मल नव्हतं," मी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी सतरा. गेल्या वर्षी साडेअठरा. मी सांगितलं नाही."

"का?" दिरांनी विचारलं.

"मला तिचा हेवा वाटत होता."

डॉक्टरबाईंनी आकडे लिहून घेतले. दीर त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.

निदान पक्कं झालं. आता दर काही आठवड्यांनी तिचं पिशवीभर रक्त काढून टाकतात. ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही. सोबतीला ती मलाच घेऊन जाते. पहिल्याच खेपेला, पिशवी भरत असताना, मी खाली मान घालून तिची माफी मागितली.

"अहो ताई, शेवटी सांगितलंत ना?" ती म्हणाली. "मी असते तर वही जाळली असती."

घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, की ताईंमुळे डॉक्टरांना लवकर उलगडा झाला. त्या दिवशी दिरांनी माझ्याकडे पाणी मागितलं, म्हणजे आमचं बोलणं सुरू झालं. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "धाकटीचं मन बघा केवढं मोठं!"

ते खरंच होतं. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत ऐकत होते. माझ्यावरचं संकट टळलं होतं, ती जिवंत होती, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण माफ करणंसुद्धा तिला किती सहज जमलं, याचाच मला रात्रभर हेवा वाटत राहिला.