चटईवरची कबुली

आमच्या आत्या प्रार्थनेला डोळे मिटत नसत. आम्हा पोरांना मात्र घट्ट मिटायला लावत आणि कुणाची पापणी हलली की ‘आमेन’च्या आधी टपली बसे. त्यांचे डोळे उघडे असतात हे आम्हाला कसं कळलं, ते विचारू नका.

भोरात त्यांना सगळे बायबलबाई म्हणत. मिशनच्या कामावर होत्या. बगलेत पुस्तक आणि हातात काठी घेऊन वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर प्रभूच्या गोष्टी सांगत हिंडायच्या. आमचं मूळ घर तिकडचंच. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आत्यांचं लग्न झालेलं होतं. त्यांनीही घेतला, त्या दिवशी कपाळाचं कुंकू आपल्या हातानं पुसलं आणि नवऱ्यानं त्यांना घराबाहेर काढलं. पुढे धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या वडिलांना, शिकवून मिशनच्या शाळेत मास्तर केलं ते त्यांनीच. त्यामुळे घरात शेवटचा शब्द वडिलांचा असे, पण आत्यांचं बोलून झाल्यावर काही उरलं तर.

दिवेलागणीला चटई अंथरली जाई. गुडघे टेकायचे आणि प्रत्येकानं आपलं त्या दिवसाचं पाप मोठ्यानं सांगायचं. त्याशिवाय ताट मिळत नसे. “मनातल्या मनात म्हनलं तर देवाला ऐकू येतं गं, पन तुला येतंय का?” असं त्या विचारत. एकदा मी म्हटलं, आज माझं काहीच पाप नाही. “न्हाई म्हनतीस? मंग ह्योच गर्व. हेच तुजं आजचं पाप.” त्या संध्याकाळी माझी भाकरी पार गार झाली.

रोज नवं पाप आणायचं कुठून? आमचा भाऊ दानिएल “मी खोटं बोललो” एवढंच सांगे. दिवसभर तो खोटं बोललेला नसला, तरी हे सांगणंच खोटं ठरून त्याचं पाप पुरं व्हायचं. एकदा डब्यातला शेवटचा गुळाचा खडा चोरल्याची कबुली त्यानं दिली आणि पाठोपाठ त्याच खड्याची मीही दिली. आई पदरात तोंड लपवून म्हणाली, “अरे, तो मीच चहात टाकला!” आत्या हसल्या नाहीत. मी मात्र शहाणी झाले आणि कायमचं एकच पाप धरलं: आळस. आळसाला कुणी काही विचारत नाही.

थोरली बहीण राहेल तशी नव्हती. ती खरं सांगायची. लहानपणी तिला हिवताप चढला तेव्हा आत्यांनी पाठुंगळी घेऊन, नदी-ओढे ओलांडत तिला दवाखान्यात नेलं होतं. तिथली नर्स पाहून राहेलच्या मनानं घेतलं ते घेतलंच, पुण्याला जाऊन नर्स व्हायचं. आत्यांवर तिचा जीव होता. “हितं सांगितलेलं या चटईवरच ऱ्हातं,” हे आत्यांचं वाक्य तिनं मनापासून खरं मानलं होतं.

म्हणून एका संध्याकाळी तिनं सांगून टाकलं की, मैत्रिणीच्या घरी आरशासमोर कुंकवाचा करंडा होता, तिनं बोट लावून पाहिलं, आणि आपण छान दिसतो असं तिला वाटलं. मग पुसलं. आत्या तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “प्रभूनं क्षमा केली. जेव आता.”

थोड्या दिवसांनी चर्चचे पाळकसाहेब आमच्याकडे आले. नर्सिंगसाठी मंडळीतल्या एका मुलीचं नाव त्यांना पुण्याला कळवायचं होतं. राहेल चहा घेऊन बाहेर आली तेव्हा आत्या बोलत होत्या, “पोरगी गुनाची हाय, साहेब. पन मन अजून मागं वळतंय. कपाळाला कुकू लावून आरशात बगत व्हती. तिनं सोता कबूल केलंय.” कपबशा वाजल्या. वडील खाली मान घालून बसले, आणि तसेच बसून राहिले. मला त्यांचा आजही राग येतो.

पुण्याला दुसरीच मुलगी गेली. राहेलनं आत्यांना एवढंच विचारलं, “चटईवरचं चटईवरच राहतं म्हणाला होतात ना?” आत्यांना प्रश्नच कळला नाही. “पाळकसाहेब काय परके हायेत व्हय?”

त्या संध्याकाळी राहेलची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “माझं पाप एकच. मी खरं बोलले.” आत्यांनी तिला त्या रात्री उपाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तिनं तेच सांगितलं. पुढे वेल्ह्याकडच्या एका बिजवर मास्तरशी लग्न होईपर्यंत तिनं दुसरं पाप सांगितलं नाही. आणि मला, काही वर्षांनी, पुण्याला नर्सिंगला पाठवलं. माझ्या नावावर आळसाखेरीज काहीच नव्हतं.

आत्या थकल्या तेव्हा आई-वडील राहिले नव्हते. आत्यांना आपल्या घरी नेलं ते राहेलनंच. मी भेटायला गेले तर ती त्यांचं अंग पुसत होती, चादर अशी बदलत होती की दवाखान्यात मला शिकवूनही तशी जमली नव्हती. ते पाहून माझं डोकं फिरलं. आत्यांनी सवयीनं प्रार्थना सुरू केली. आमची सगळ्यांची नावं घेतली, आमच्या पापांची क्षमा मागितली. त्या थांबल्या तशी मी वाकून विचारलं, “आणि तुमचं पाप, आत्या?”

त्यांनी बराच वेळ छपराकडे पाहिलं. खरोखरच शोधत होत्या बिचाऱ्या.

“न्हाई बया,” त्या म्हणाल्या. “माजं काई आठवत न्हाई.”

मी राहेलकडे पाहिलं. तिनं फडकं पिळलं, आत्यांचं कपाळ हळूच पुसलं आणि म्हणाली, “आमेन.”

माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. अजूनही निघत नाही.